कपटा, संहिता आणि संग्रहालय : कुर्ट श्विटर्सची कोलाजे कोठे पाहावीत?

ज्या चित्रावरून कुर्ट श्विटर्सच्या (१८८७–१९४८) सगळ्या निर्मितीला नाव मिळाले, ते चित्र आज कोठेही पाहावयास मिळत नाही. १९१९ साली केलेल्या या कोलाजमध्ये एका बँकेच्या छापील जाहिरातीतून कापून घेतलेला शब्दाचा तुकडा होता. बँकेच्या नावातील ‘कोमेर्त्स’ या शब्दाचा आरंभ कात्रीखाली गेला आणि ‘मेर्त्स’ एवढी चार रोमन अक्षरे उरली. त्या अक्षरांना जर्मन भाषेत शब्द म्हणून काही अर्थ नव्हता. श्विटर्सने हा अर्थहीन अवशेषच आपल्या कोलाजांचे, कवितांचे, नियतकालिकाचे, राहत्या घरात उभारलेल्या अजस्र बांधकामाचे आणि पुढे स्वतःचेही नाव म्हणून स्वीकारला. हे चित्र ड्रेस्डेनच्या नगरसंग्रहालयात होते. नाझी राजवटीने ते तेथून जप्त केले, १९३७ साली म्युनिकमध्ये भरवलेल्या ‘अधःपतित कला’ या प्रदर्शनात दादावाद्यांच्या टवाळीसाठी सजवलेल्या भिंतीवर ते टांगले, आणि त्यानंतर त्याचा माग लागत नाही. मागे उरली आहेत ती छायाचित्रे.

श्विटर्सची कोलाजे कोठे पाहावीत, या प्रश्नाची सुरुवात अशी एका रिकाम्या जागेपासून करावी लागते. वरवर पाहता हा प्रश्न प्रवाशाचा आहे. शहरांची आणि संग्रहालयांची नावे सांगितली की तो मिटावा. परंतु कोलाजच्या बाबतीत तो तसा मिटत नाही. कोलाज ही मुळातच वस्तूची जागा बदलण्याची कला आहे. ट्रामचे तिकीट वाहकाच्या हातातून प्रवाशाच्या खिशात, खिशातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून कलावंताच्या टेबलावर येते, आणि प्रत्येक मुक्कामाला त्याचा अर्थ पालटतो. मग ते चौकटीत बसून संग्रहालयाच्या भिंतीवर चढते, तेव्हा हे स्थलांतर थांबले असे मानायला काय आधार आहे? संग्रहालय हा या कपट्यांचा आणखी एक मुक्काम आहे. तेथे त्यांचे काय होते, हा समीक्षेचा प्रश्न होय. आणि श्विटर्स कवीही असल्यामुळे तो आपल्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकांनाही टाळता येण्यासारखा नाही.

श्विटर्सची स्वतःची भूमिका या संदर्भात स्पष्ट होती. महायुद्धानंतरच्या त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील लेखनात त्याने ‘एन्टफॉर्मुंग’ अशी एक संज्ञा वापरली. तिचा अनुवाद ‘रूपविसर्जन’ असा करता येईल. चित्रात आलेली वस्तू आपला आधीचा धर्म टाकून देते, दुसऱ्या वस्तूच्या शेजारी ठेवताच तिचे मूळ रूप विरते आणि ती केवळ रंग, पोत व रेषा म्हणून उरते, असा या संज्ञेचा इत्यर्थ आहे. कवितेत शब्दाला शब्दाशी भिडवावे तसे चित्रात द्रव्याला द्रव्याशी भिडवावे, एवढेच आपण करतो, असे त्याचे म्हणणे होते. बर्लिनच्या दादावाद्यांशी त्याचे जमले नाही, त्याचे एक कारण हेच असावे. हाना ह्योख किंवा जॉन हार्टफील्ड यांच्या छायाचित्र-कोलाजांत कापलेला चेहरा कोणाचा आहे हे ओळखू येणे आवश्यक असते. तो ओळखू आला नाही तर टीकेचा नेमच चुकतो. श्विटर्सला निदान सिद्धान्तात तरी कपट्याने आपली ओळख विसरावी असे वाटत होते. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर, चिन्हिताला वजा करून चिन्हक तेवढे शिल्लक ठेवण्याचा हा प्रयत्न होता.

माझे प्रतिपादन असे की, श्विटर्सचा हा सिद्धान्त त्याच्या चित्रांनीच खोटा पाडला आहे, आणि तो खोटा पडलेला आपल्याला दिसतो तो संग्रहालयांत. कपट्यांनी विसरलेली ओळख काळाने त्यांना परत आणून दिली आहे. किती परत द्यायची आणि कोणत्या प्रकारची, हे मात्र ज्या त्या संग्रहालयाने आपापल्या परीने ठरवले आहे.

प्रथम भूगोल. श्विटर्सची कामे जगभर विखुरली आहेत. डुसेलडॉर्फला नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याच्या कलासंग्रहात १९२० चे ‘ताऱ्यांचे चित्र’ आहे, स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझेटमध्ये ‘कामगारचित्र’, माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात ‘वेड्यांचा डॉक्टर’. कॅथरीन ड्रायर या अमेरिकन संग्राहिकेने आपल्या ‘सोसिएते आनोनिम’ या संस्थेसाठी जमवलेली कामे १९४१ मध्ये येल विद्यापीठाकडे गेली. ‘मेर्त्स १९’ हे १९२० चे लहानसे, अतिशय नेटके कोलाज त्यांतलेच. या यादीत आणखी पुष्कळ भर घालता येईल. पण एखादे चित्र संग्रहालयाच्या मालकीचे असणे आणि ते भिंतीवर असणे यांत फार अंतर आहे. श्विटर्सचे मुख्य द्रव्य कागद; तोही बहुतांशी वृत्तपत्राचा, वेष्टनाचा, तिकिटाचा, म्हणजे एका दिवसापुरता बनवलेला हलका कागद. लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे तो प्रकाशात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. म्हणून संग्रहालये अशी कामे मंद प्रकाशात, साधारण पन्नास लक्सच्या मर्यादेत, काही महिन्यांपुरती बाहेर काढतात आणि मग दीर्घकाळ अंधाऱ्या पेटीत ठेवून देतात. रस्त्यावर ऊन-पाऊस खात पडलेले तिकीट आता तिजोरीतील दस्तऐवजापेक्षाही जास्त जपले जाते. दूरच्या गावाहून मुद्दाम जाणाऱ्याने आधी चौकशी केलेली बरी. काही ठिकाणी अभ्यासकाला पूर्वपरवानगीने कागदी कामे टेबलावर पाहावयास मिळतात, आणि माझ्या मते श्विटर्स पाहण्याची तीच योग्य रीत आहे. त्याची अनेक कोलाजे पोस्टकार्डाहून फारशी मोठी नाहीत. ती हातात धरून वाचण्याच्या अंतरावरून पाहण्यासाठी आहेत.

आपल्याकडच्या बहुतेकांची श्विटर्सशी ओळख छापील पुस्तकांतून झालेली असते. त्या ओळखीत दोन गोष्टी हमखास हरवतात. एक म्हणजे आकार. पानभर छापलेले कोलाज मूळच्याहून मोठे झालेले असू शकते. दुसरी म्हणजे कड. फाडलेल्या कागदाची तंतुमय पांढरी कड आणि कात्रीने कापलेल्या कागदाची सरळ कड यांतला फरक हे श्विटर्सचे व्याकरण आहे. छपाईत दोन्ही कडा सारख्याच सपाट होतात. कविता गद्यासारखी सलग छापावी तसाच हा प्रकार.

श्टुटगार्टच्या राज्यकलादालनातील १९१९ चे ‘उंडबिल्ड’, म्हणजे ‘आणि-चित्र’, हे साहित्याच्या वाचकाने जरूर पाहावे असे. चित्राच्या पृष्ठभागावर भोवतीच्या भंगाराच्या गर्दीत ‘उंड’ हा शब्द छापील अक्षरांत दिसतो. ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय. त्याला दोन बाजूंना दोन पदे लागतात. येथे त्याच्या दोन्ही बाजूंना पदे नाहीत, द्रव्ये आहेत. कोलाजची सगळी मीमांसा या एका अव्ययात येते. कोलाजमध्ये ‘म्हणून’ नसते, ‘परंतु’ नसते, ‘जर-तर’ नसते. केवळ ‘आणि’ असते. कारण, विरोध, अट हे संबंध पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घालावयाचे असतात. मात्र हे लक्षात येण्यासाठी ‘उंड’ हा शब्द म्हणून वाचावा लागतो. तो केवळ काळ्या आकारांचा समूह म्हणून पाहिला तर चित्राचा मुद्दाच निसटतो. रूपविसर्जनाचा सिद्धान्त मांडणाऱ्या वर्षांतच श्विटर्सने जे चित्र केले, त्याचा अर्थ त्यातील शब्दाचे विसर्जन न होण्यावर अवलंबून आहे.

न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘चेरीचे चित्र’ (१९२१) हे याहून गुंतागुंतीचे उदाहरण. हे संग्रहालय श्विटर्सच्या कीर्तीचे एक मुख्य केंद्र. आल्फ्रेड बार यांनी १९३६ मध्ये तेथे भरवलेल्या दोन्ही प्रसिद्ध प्रदर्शनांत, घनवाद व अमूर्त कलेच्या आणि दादा-अतिवास्तववादाच्या, श्विटर्सची कामे होती. एकाच कलावंताला एकाच वर्षी दोन वेगळ्या वंशावळींत बसवावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे. तरी पुढील काळात वरचष्मा राहिला तो पहिल्या वंशावळीचा. पिकासो व ब्राक यांनी चिकटवलेल्या कागदांपासून निघालेली, द्रव्याच्या सपाटपणाकडे आणि रचनेच्या शिस्तीकडे जाणारी रेषा. तिच्यावर श्विटर्स हे एक स्थानक. या वाचनात तो देखणा दिसतो, यात शंका नाही. परंतु तो मुका होतो.

‘चेरीचे चित्र’ मुके नाही. त्यात कापड, लाकूड, बूच, वर्तमानपत्र अशा ढिगाऱ्याच्या मध्यभागी मुलांना शब्द शिकवण्याचे एक छापील कार्ड आहे. त्यावर चेरीच्या फळांचे चित्र आणि खाली जर्मन व फ्रेंच भाषांत फळाचे नाव. वस्तू, तिची प्रतिमा आणि दोन भाषांतील दोन नावे, असा सोस्यूरच्या वर्गातला धडाच तेथे चिकटवला आहे. आणि त्या कार्डावर श्विटर्सने हाताने एक लहानसे प्रेमवाक्य खरडले आहे. त्या वाक्यात मुद्दाम चूक केली आहे. जर्मनमध्ये ‘प्रेम करणे’ या क्रियापदाच्या कर्माला द्वितीया लागते. श्विटर्सने चतुर्थी वापरली आहे. १९१९ मध्ये प्रसिद्ध होऊन खळबळ माजवणाऱ्या त्याच्या ‘आना ब्लूमे’ या कवितेतही हीच चूक आहे, आणि ती तिच्या प्रसिद्धीचे एक कारण ठरली. इंग्रजीत हे वाक्य सर्वनामाचे रूप बिघडवून भाषांतरित केले जाते; म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक ठेवली जाते. मराठी भाषांतरकाराला तेवढीही सोय नाही. आपल्या व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच. ‘तुला’ हे रूप दोन्हीकडे चालते. ज्या भाषेत ही चूक करताच येत नाही, त्या भाषेत हे चित्र पूर्ण पाहता येते काय? एरवी हा प्रश्न आपण कवितेविषयी विचारतो. भिंतीवर टांगलेल्या वस्तूविषयी तो विचारण्याची पाळी यावी, यातच श्विटर्सचे वेगळेपण आहे. चित्राला भाषा नसते, ते कोठेही समजते, हा सोपा समज येथे टिकत नाही.

लंडनच्या टेट संग्रहात गेल्यावर चित्र पार बदलते. तेथील श्विटर्स हा निर्वासित आहे. १९३७ च्या जानेवारीत तो जर्मनी सोडून नॉर्वेला गेला. १९४० मध्ये जर्मन फौजा तेथे पोचल्यावर तो ब्रिटनला आला आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवरील हचिन्सन छावणीत स्थानबद्ध झाला. १९४१ च्या अखेरीस सुटला. (छावणीत द्रव्य मिळेना म्हणून उरलेल्या लापशीची शिल्पे त्याने केली, आणि त्यांना बुरशी आली, अशी सहबंद्यांची आठवण आहे. ही शिल्पे पाहण्याचे भाग्य कोणत्याही संग्रहालयाला लाभणार नव्हते.) टेटमधील ‘दोन लहान कुत्र्यांचे चित्र’ त्याने १९२० मध्ये जर्मनीत केले आणि १९३९ मध्ये नॉर्वेत त्यावर पुन्हा काम केले: जुन्या जर्मन थरावर नॉर्वेतली नाटकाची तिकिटे, पावत्या, वृत्तपत्रांची कात्रणे, लेसचे तुकडे, आणि एका खोबणीत चिनी मातीची दोन कुत्री. वरचा थर खालच्याला पुसत नाही. खोडून पुन्हा लिहिलेल्या हस्तलिखितासारखे दोन्ही देश एकमेकांतून दिसत राहतात.

पण मला येथे थांबायचे आहे ते १९३७–३८ मधील ‘जकात अधिकाऱ्यांनी उघडलेले’ या छोट्या कोलाजपाशी. पार्सल जकातीच्या कारणास्तव उघडले गेले आहे, अशी सूचना छापलेल्या जर्मन चिठ्ठ्या त्यात चिकटवल्या आहेत. चित्र नॉर्वेतले, चिठ्ठ्या जर्मन राज्ययंत्रणेच्या. पत्नी हेल्मा हॅनोव्हरलाच राहिली होती; १९४४ मध्ये तेथेच कर्करोगाने तिचे निधन झाले. चित्राची रचना श्विटर्सच्या नेहमीच्या पद्धतीची: आडव्या-उभ्या पट्ट्यांचा तोल, मंद रंग, कडांचे सूक्ष्म भान. सिद्धान्ताप्रमाणे पाहिले तर चिठ्ठी ही एक आयताकृती पट्टी आहे, अक्षरे म्हणजे राखाडी पोत. पण आज तसे कोण पाहू शकेल? घरून आलेले पुडके कोणा परक्या हाताने आधीच उघडले आहे, ही जाणीव वाचणाऱ्याला सोडत नाही. येथे कपटा हा केवळ चिन्ह राहत नाही. धूर जसा अग्नीचा, पाऊल जसे चालणाऱ्याचे, तशी ही चिठ्ठी त्या घटनेचा प्रत्यक्ष ठसा आहे. पर्सच्या वर्गीकरणात तिला निर्देशक म्हणावे लागेल. ती घटनेचे वर्णन करत नाही. घटनेच्या वेळी ती तेथे होती.

तेव्हा श्विटर्सला आपला सिद्धान्त आठवत नव्हता काय? मला तसे वाटत नाही. शीर्षक त्यानेच त्या चिठ्ठीवरून दिले. रूपविसर्जन ही त्याची कार्यपद्धती होती, आणि ज्याचे विसर्जन करायचे ते निवडण्यात त्याची सगळी चतुराई होती. कपट्याची ओळख पुसली जात असताना पाहणे, ती पुरती पुसली जात नाही हे पाहणे, या ताणातच ही कोलाजे जगतात. ताणाचे एक टोक सोडले की देखणी रचना उरते. दुसरे सोडले की चरित्राचे कात्रणबुक. न्यू यॉर्कच्या परंपरेने पहिली चूक केली असेल, तर निर्वासिताच्या कहाणीवर भर देणाऱ्या अलीकडच्या वाचनाने दुसरी चूक करण्याचा धोका आहे. टेट ब्रिटनमध्ये २०१३ साली ‘श्विटर्स इन ब्रिटन’ हे मोठे प्रदर्शन झाले आणि पुढे ते हॅनोव्हरलाही गेले. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या उत्तरकाळाला त्याने न्याय दिला, ही कामगिरी मोठीच. तथापि बसचे प्रत्येक तिकीट हा स्थलांतराचा पुरावा म्हणून वाचू लागलो, तर ते तेथे तिरके का लावले आहे हा प्रश्न विचारायचे राहून जाते.

हॅनोव्हरला तर जावेच लागते. तेथील श्प्रेंगेल संग्रहालय १९७९ मध्ये सुरू झाले. ज्या चौकात ते उभे आहे त्याला श्विटर्सचेच नाव आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या कुर्ट व एर्न्स्ट श्विटर्स प्रतिष्ठानामुळे मुलाकडे राहिलेला वारसा तेथे आला, आणि २००० ते २००६ या काळात कारिन ओर्शार्ड व इझाबेल शुल्त्स यांनी सिद्ध केलेली तीन खंडांची समग्र सूची याच संग्रहालयाच्या कामातून बाहेर पडली. श्विटर्सचा अभ्यास करायचा तर हेच घर. पण पाहुण्याचे पाय वळतात ते एका पांढऱ्या खोलीकडे.

वाल्डहाउझेनश्ट्रासे ५ या घरात श्विटर्सने १९२३ च्या सुमारास एक बांधकाम सुरू केले आणि देश सोडीपर्यंत ते वाढवत नेले. खोलीतून खोलीत पसरत गेलेल्या या ‘मेर्त्सबाउ’मध्ये मित्रांच्या नावांच्या गुहा होत्या. हान्स रिख्टरने लिहून ठेवले आहे की, तेथे त्याच्या केसांची बट होती, वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहच्या टेबलावरून उचललेली पेन्सिल होती, कोणाच्या बुटाची नाडी, कोणाची अर्धवट ओढलेली सिगारेट. पुढे या गुहांवर नवे थर चढत गेले, त्या आत गाडल्या गेल्या आणि बाहेर पांढऱ्या कोनांची गुळगुळीत दरी दिसू लागली. ८–९ ऑक्टोबर १९४३ च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात सारे नष्ट झाले. हाराल्ड झेमान यांच्या १९८३ च्या प्रदर्शनासाठी पेटर बिसेगर यांनी १९३३ मधील विल्हेल्म रेडेमानच्या छायाचित्रांवरून मुख्य खोलीची पुनर्रचना केली. ती आता श्प्रेंगेल संग्रहालयात आहे, आणि तीत शिरता येते.

ती पाहण्यासारखी आहे, हे कोणी नाकारणार नाही. छायाचित्रांतून मोजमापे काढण्याचे ते काम विलक्षण चिकाटीचे आहे. पण ती काय आहे? पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर ही एका नष्ट झालेल्या ग्रंथाची, त्याच्या एका अवस्थेच्या आधारे सिद्ध केलेली संपादित प्रत आहे. मूळ ग्रंथाला अंतिम पाठ नव्हता. १९३३ चा पाठ १९३६ मध्ये राहिला नसता. छायाचित्रकाराच्या हाताशी जो दिवस आला तो कायमचा झाला. आणि आणखी एक, मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट: ज्या गुहा छायाचित्रात आल्या नाहीत, त्या पुनर्रचनेत असू शकत नाहीत. मूळच्या पांढऱ्या पृष्ठभागामागे केस, पेन्सिली आणि नाड्या गाडलेल्या होत्या. या पृष्ठभागामागे केवळ आधाराचा सांगाडा आहे. दिसायला दोन्ही सारखेच. रूपविसर्जन मूळ वास्तूत घडत होते. प्रतीत विसर्जन करण्याजोगे काही नव्हतेच. म्हणून ही खोली श्विटर्सच्या सिद्धान्ताशी त्याच्यापेक्षाही अधिक प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच ती मला थंड वाटते.

नेमके उलटे उदाहरण न्यूकासलला आहे. १९४५ पासून श्विटर्स इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात अँबलसाइड येथे राहत होता. २० जून १९४७ रोजी, साठाव्या वाढदिवशी, त्याला न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून पाठ्यवृत्ती मिळाल्याची वार्ता कळली. नष्ट झालेल्या मेर्त्सबाउच्या कामासाठी म्हणून ती होती. त्या बळावर त्याने जवळच्या एल्टरवॉटर येथे हॅरी पिअर्स यांच्या जागेतील दगडी कोठारात नवे बांधकाम सुरू केले. प्रकृती ढासळलेली होती, हाताशी महिने थोडे होते. खडबडीत भिंतीवर गिलाव्याचे उंचवटे आले. त्यांत काटक्या, दगड, मुलांच्या झारीचे तोंड, रबरी चेंडू असे काही काही रुतवले गेले. एकच भिंत, तीही अपुरी. ८ जानेवारी १९४८ रोजी तो केंडलच्या रुग्णालयात वारला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याला एक दिवस झाला होता.

भिंत ढासळू लागली तेव्हा न्यूकासलला शिकवणाऱ्या रिचर्ड हॅमिल्टनने पुढाकार घेतला, आणि १९६५ मध्ये ती सबंध कापून तेथील विद्यापीठाच्या हॅटन गॅलरीत आणून बसवली गेली. हॅमिल्टन स्वतः १९५६ मधील एका अतिशय गाजलेल्या कोलाजचा कर्ता. कपटा उचलून दुसरीकडे लावणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नव्हते. या अर्थाने हॅटन गॅलरीतील भिंत हे श्विटर्सचे सर्वांत मोठे कोलाज आहे आणि ते दुसऱ्या कोणी तरी चिकटवले आहे. भिंतीतला चेंडू तोच, गिलाव्यातली बोटांची चाल तीच. नाही ते कोठार, तिरपा येणारा उजेड, ओल, दाराबाहेरचा डोंगर. हॅनोव्हरला जागा आहे आणि द्रव्य नाही. न्यूकासलला द्रव्य आहे आणि जागा नाही. या वियोगावर कळस चढला तो २०११ मध्ये. आधुनिक ब्रिटिश शिल्पकलेच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या अंगणात त्या कोठाराची पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्यात आली. कोठाराने ज्या भिंतीमुळे कीर्ती मिळवली, ती तेव्हाही न्यूकासललाच होती.

संग्रहालय आणि थडगे यांच्यातील साम्य अडोर्नोने व्हालेरी आणि प्रूस्त यांच्यावरील निबंधात चर्चिले आहे. व्हालेरीला संग्रहालयात कलाकृतींचा मृत्यू दिसतो, प्रूस्तला त्यांचे पाहणाऱ्याच्या मनातील दुसरे आयुष्य. अडोर्नो दोघांपैकी कोणालाही पूर्ण कौल देत नाही. पण दोघांसमोर होती ती चित्रे. जिवंत असताना ती एकसंध होती असे मानता येत होते. श्विटर्सच्या कपट्यांना पहिला मृत्यू संग्रहालयाच्या फार आधी आलेला असतो. तिकीट वापरून संपले, वेष्टन फाडून टाकले, पार्सल उघडले गेले. अशा द्रव्याच्या बाबतीत व्हालेरीची तक्रार उशिरा येते. मला न्यूकासलची भिंत हॅनोव्हरच्या खोलीहून जवळची वाटते ती यामुळेच. ती आपले तुटलेपण लपवत नाही. तिच्यापुढे उभे राहिल्यावर, हिच्या बाजूला काय होते, हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न श्विटर्सच्या प्रत्येक फाडलेल्या कडेने विचारलेला असतो. खंडित हस्तलिखित आणि सुबक संपादित प्रत यांत अभ्यासकाला दोन्ही लागतात, हे मान्य. पण आधी कोणते उघडावे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

एक ठिकाण सांगायचे राहिले. अँबलसाइडच्या छोट्या आर्मिट संग्रहालयात श्विटर्सची व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे आहेत. डोंगर, पूल, गावातली माणसे. तैलरंगांत, ओळखू येतील अशी. पोटासाठी तो ती करत असे, पर्यटकांना आणि शेजाऱ्यांना विकत असे. समीक्षक या चित्रांसमोर अवघडतात आणि पुढे सरकतात. मेर्त्सच्या इतिहासात त्यांना जागा सापडत नाही. पण ही कामे त्याने लपवली नाहीत, उलट आयुष्यभर निसर्गचित्रे काढतच राहिला. नॉर्वेतल्या फ्योर्डांचीही त्याने पुष्कळ चित्रे काढली. जो माणूस तिकिटाला त्याची ओळख विसरायला लावत होता, तोच त्याच दिवशी शेजाऱ्याचा चेहरा हुबेहूब काढत होता. या दोन कृतींना जोडणारे अव्यय कोणते, हे आपल्या मीमांसेला अद्याप सांगता आलेले नाही. अँबलसाइडच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याच्या कबरीवरचा दगड अजून आहे. खाली कोणी नाही. १९७० मध्ये अवशेष हॅनोव्हरच्या एंगेझोडे दफनभूमीत हलवण्यात आले.